उंबरठ्यावरचे कमळ

संत नामदेवांचा जन्म हिंगोली जिल्ह्यात दोनदा झाला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. कयाधू नदीच्या काठावरचे नरसी हे गाव परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाते, आणि त्याच परिसरातील औंढा नागनाथच्या देवळात त्यांना विसोबा खेचर भेटले. पहिला जन्म देहाचा आणि दुसरा दृष्टीचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा छोटासा जिल्हा एरवी फारसा चर्चेत नसतो. मात्र फुलाचा अर्थ काय, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी याच मुलखातील एका माणसाने इतक्या मुळापासून विचारला की त्याचे पडसाद पंजाबपर्यंत आणि राजस्थानच्या छापखान्यांपर्यंत पोहोचले. नामदेवांचे चरित्र आजवर भक्तीच्या अंगाने अनेकदा सांगितले गेले आहे. कापडाशी जन्माने बांधलेला, देवळाच्या दाराशी अडवला गेलेला आणि अखेर स्वतःच देवळाची पायरी झालेला माणूस म्हणूनही ते पाहण्यासारखे आहे. तसे पाहिले की आपल्या शिल्पांत आणि वस्त्रांत शतकानुशतके उमलत आलेल्या पाना-फुलांकडे बघण्याची नजरही बदलते.

औंढ्याचे देऊळ यादवकाळातले. वरचा भाग नंतरच्या काळात पुन्हा उभारला गेला आणि त्या जीर्णोद्धाराचे श्रेय अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. जोत्यापासून भिंतींपर्यंतचा मूळ दगडी भाग मात्र आजही जुन्या कारागिरांची साक्ष देतो. काळ्या दगडावर देवदेवता आहेत, सुरसुंदरी आहेत आणि त्यांच्या अवतीभवती कोरीवकामाची दाटी आहे. यादवकालीन देवळांसमोर उभे राहिल्यावर डोळा प्रथम मूर्तींवर जातो. पाने, फुले, वेली यांच्याकडे आपण सजावट म्हणून पाहतो आणि पुढे सरकतो. कोरणाऱ्याच्या लेखी ती सजावट नव्हती.

मंदिरशास्त्राची परिभाषाच पाहावी. दाराच्या चौकटीच्या उभ्या पट्ट्यांना शाखा म्हणतात. तीन, पाच, सात, नऊ अशा त्या विषम संख्येत असतात, आणि त्यांतली एक पाना-वेलींची असली की तिला पत्रशाखा म्हणतात. खालच्या आडव्या दगडाचे शास्त्रातले नाव उदुंबर, म्हणजे उंबर. आपला घरगुती उंबरठाही त्याच उंबराच्या कुळातला. शिखराच्या माथ्यावरचा खाचांचा गोल दगड म्हणजे आमलक, अर्थात आवळा. खांबांवर भरल्या घटातून बाहेर झुकणारी पालवी असते. तिला घटपल्लव म्हणतात आणि तिचा अर्थ समृद्धी. मंडपाच्या छताच्या मध्यभागी उमललेले दगडी कमळ म्हणजे पद्मशिला. वळसे घेत जाणारी, कोठेही न तुटणारी वेल ही कल्पवल्ली. एक पान संपते तेथे दुसरे फुटते, आणि जीवन थांबत नाही हेच ती सांगते. थोडक्यात, देऊळ म्हणजे दगडाचे झाड होते. खाली उंबर, वर आवळा आणि मधल्या शाखांतून जाणारी वाट. उंबरठ्यासमोरच्या अर्धवर्तुळाकार चंद्रशिलेवरही पुष्कळदा कमळाचे देठ कोरलेले असतात. चिखलातून वर येऊनही चिखल अंगाला न लागू देणारे कमळ आत जाणाऱ्याच्या पावलाखाली ठेवण्यामागे हेतू होता. बाहेरचे बाहेर ठेवून आत यावे, असे ते फूल सुचवत होते.

पण आत कोणी यावे, हे फुलाच्या हाती नव्हते. कमळाने ज्याला बोलावले त्याला माणसाने अडवले, असे अनेकदा घडले. नामदेवांच्या चरित्राची गाठ येथे आहे.

शके ११९२च्या कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे २६ ऑक्टोबर १२७० रोजी नामदेवांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. वडील दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई. घराणे शिंप्याचे. घरात विठ्ठलाची भक्ती आणि वारी होती, पुढे कुटुंबाचे वास्तव्य पंढरपुरात राहिले. देवगिरीच्या गादीवर तेव्हा महादेव यादव होता. पुढच्याच वर्षी रामदेवरायाचे राज्य सुरू झाले. हेमाद्री हा या दोघांचाही कारभारी. आज ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो त्या देवळांचा हा बहराचा काळ. म्हणजे नामदेव लहानाचे मोठे होत होते तेव्हा मराठी मुलखात छिन्नीचा आवाज घुमत होता आणि दगडातून पालवी फुटत होती.

शिंप्याच्या घरातले फूल मात्र वेगळे. दगडातले फूल एकदा कोरले की हलत नाही. कापडावरचे फूल बाजारात जाते, अंगावर मिरवते, धुतले जाते, विटते आणि फाटते. त्या काळचे छापील कापड भारतात फारसे टिकले नाही, परंतु इजिप्तमधील जुन्या कैरोच्या, म्हणजे फुस्तातच्या, अवशेषांत भारतीय सुती कापडाचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात अशा छापील तुकड्यांचा संग्रह बाराशेहून अधिक आहे. त्यांतले बरेचसे गुजरातेत छापलेले असावेत, असे अभ्यासक मानतात, आणि काही तर नामदेवांच्या हयातीतले आहेत. निळ्या आणि लाल रंगांतल्या त्या चिंध्यांवर काय आहे? पाकळ्यांची चक्रे, कमळे, वेली, पानांनी लगडलेली झाडे. देवळाच्या भिंतीवरचीच वनस्पतीसृष्टी जहाजात बसून समुद्रापार सामान्य माणसांच्या अंगावर गेली होती. दगडातल्या फुलापर्यंत पोहोचायला उंबरठा ओलांडावा लागे, कापडावरचे फूल मात्र कोणाची जात विचारत नसे.

या व्यवसायात दामाशेटींच्या मुलाचे मन रमले नाही. त्याच्या बालपणाच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत व्यवहार आणि करुणा यांची सतत ओढाताण दिसते. बापाने कापड विकायला बाजारी पाठवले, तर मुलाने ते रानातल्या धोंड्यांना पांघरून दिले आणि एका धोंड्यालाच जामीन म्हणून घरी आणले, अशी एक कथा. आईने औषधासाठी झाडाची साल आणायला सांगितली, तेव्हा साल काढल्यावर झाडाला काय वाटत असेल हे कळावे म्हणून त्याने स्वतःच्या पायावर घाव घालून पाहिला, अशी दुसरी. चरित्रकथांकडे इतिहास म्हणून पाहता येत नाही. परंतु समाजाने आपल्या संताला कोणत्या रूपात लक्षात ठेवले, हे त्या नेमके सांगतात. झाड हे वापरायचे साधन नसून आपल्यासारखाच वेदना असलेला जीव आहे, असे वाटणारा मुलगा म्हणून लोकांनी नामदेवांना लक्षात ठेवले.

राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा, महादा हे मुलगे आणि लिंबाई ही मुलगी झाली. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच या घरात आली आणि या घराचीच होऊन गेली. संसार वाढला, मिळकत वाढली नाही. गोणाई आणि राजाई यांची तक्रार गाथेत स्पष्ट ऐकू येते. देवाच्या नादी लागलेल्या या माणसाने घरच्या चुलीकडे पाहिले नाही, हे त्या दोघींचे म्हणणे खोटे नव्हते. संतचरित्र लिहिणाऱ्यांनी बहुधा या तक्रारीवरून हात फिरवून ती मऊ केली. ती तशीच ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे. घराची झळ बायकांना लागत होती, आणि नामदेवांच्या अभंगांच्या परंपरेनेही ती लपवली नाही.

ज्ञानदेवांची भेट हे नामदेवांच्या आयुष्यातले मोठे वळण. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केली. एक योगमार्गाचा अभ्यासी आणि तत्त्वचिंतक, दुसरा विठ्ठलाशिवाय काहीच न सुचणारा भोळा भक्त. याच काळातली गोरोबा कुंभारांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून कोणते मडके भाजलेले आणि कोणते कच्चे याची परीक्षा केली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. विठ्ठल ज्याच्याशी बोलतो असे लोक म्हणत, त्याला भर सभेत कच्चा ठरवले गेले. दुखावलेले नामदेव विठ्ठलाकडे गेले, आणि देवाने त्यांना गुरूकडे पाठवले. तो गुरू होता औंढ्याच्या देवळात.

तेथे जे दृश्य दिसले ते नामदेवांना धक्का देणारे होते. एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निवांत पडला होता. नामदेवांनी हटकले. म्हाताऱ्याने शांतपणे सुचवले की जेथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले तर तेथे पिंडी. तिसरीकडे ठेवले तर तेथेही पिंडी. देव एका जागी असतो, ही समजूत तेथे गळून पडली. हे विसोबा खेचर.

या कथेचा मर्म समजून घ्यायला कापड छापणाऱ्याचा एक अनुभव उपयोगी पडतो. नैसर्गिक रंगांच्या जुन्या छपाईत लाल फूल थेट लाल रंगाने छापत नाहीत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून सुकवतात. मग लाकडी ठशाने त्यावर तुरटीची खळ छापतात. तुरटीला स्वतःचा रंग नसतो. फूल छापले तरी ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून कारागीर खळीत थोडा गेरू मिसळून घेतो. नंतर ते कापड मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळांच्या उकळत्या रंगात टाकतात. तुरटी जेथे लागली आहे तेथेच रंग धरतो, बाकीचा धुऊन जातो, आणि आतापर्यंत अदृश्य असलेले फूल लालभडक उमलून येते. फूल आधीपासून तेथे होते, कढईने फक्त ते दाखवले. नामदेवांच्या भक्तीचे असेच झाले. ठसा लहानपणीच उमटला होता. औंढ्याच्या देवळात तो रंगला.

आणि रंगल्यावर पहिला फटका बसला तो पूजेच्या फुलालाच. उत्तरेत नामदेवांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या पदांमध्ये एक पद असे आहे की ते वाचल्यावर हार गुंफणारा हात क्षणभर थांबतो. देवाला स्नान घालावे म्हणून पाणी आणावे, तर त्यात असंख्य जीव आधीच वावरत असतात. देवासाठी फुलांची माळ ओवावी, तर भुंग्याने त्या फुलाचा सुगंध आधीच घेतलेला असतो. नैवेद्याला दूध आणावे, तर वासराने ते आधी उष्टे केलेले असते. मग अर्पण करायला शुद्ध असे उरले काय? येथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटते की आता निराशेचा सूर लागणार. पण नामदेव उलट दिशेला वळतात. त्या जीवांतही विठ्ठल आहे, भुंग्यातही आहे, वासरातही आहे. म्हणजे देवाने त्याचे त्याला आधीच पोहोचते करून घेतले आहे.

फुलाच्या अर्थाच्या दृष्टीने हा विचार साधा नाही. आपल्या कलापरंपरेत फूल शुद्धतेची खूण आहे. कमळ चिखलापासून अलिप्त, पारिजातक स्वर्गातला, पूजेचे फूल न हुंगलेले. शुद्धतेच्या या कल्पनेवरच शिवाशिवीचाही डोलारा उभा होता. ज्याने स्पर्श केला ते फूल बाटले आणि ज्याने उंबरठा ओलांडला त्याने देऊळ बाटवले, हे दोन्ही हिशेब एकाच वहीतले. भुंग्याच्या स्पर्शाने फूल बाटत नसेल, तर माणसाच्या स्पर्शाने देव कसा बाटेल? नामदेवांनी हा प्रश्न वाद घालून विचारला नाही. त्यांनी फक्त फूल पुढे केले.

हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. शिंपी, आणि उत्तरेतल्या पदांत छीपा म्हणजे कापड छापणारा, अशी त्यांची ओळख आहे. देवळातून जातीमुळे उठवले गेल्याची वेदना त्या पदांत आहे. मराठी परंपरेने या घटनेची जागा औंढ्याला ठरवली आहे. नागनाथासमोर कीर्तन चालू असताना पुजाऱ्यांनी हरकत घेतली, नामदेव उठून देवळाच्या मागच्या बाजूला गेले आणि तेथे कीर्तन करू लागले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे तोंड नामदेवांकडे झाले. नंदी समोर नसून मागच्या बाजूला आहे, याचे कारण आजही औंढ्याला येणाऱ्या भाविकांना या कथेतूनच सांगितले जाते. देऊळ खरोखर फिरले की नाही, हा प्रश्न गौण आहे. ज्या दगडी शाखांतून आणि उंबरठ्यावरून एका छप्याला परत पाठवले गेले, ते दार त्याच्यामागे गेले, असे सांगण्याची गरज समाजाला वाटली, हे महत्त्वाचे. कथा रचणाऱ्यांनी चूक कोणाची होती याचा निवाडा केला, आणि तो देवाकडून वदवून घेतला.

यानंतरचे नामदेव आपल्या धंद्याची लाज बाळगत नाहीत, उलट त्याच धंद्यातून बोलतात. त्यांच्या पदांत मन गज होते, जीभ कात्री होते. रंगवणे आणि शिवणे हेच नामस्मरण होते. सुई सोन्याची आणि धागा रुप्याचा होतो. ज्या हत्यारांमुळे हीन ठरवले गेले तीच हत्यारे पूजेची उपकरणे झाली. वारकरी परंपरेने स्वीकारलेली वनस्पतीही याच जातकुळीची आहे. तुळशीला डौलदार फूल नाही, राजेशाही सुगंध नाही. ती कोणाच्याही अंगणात येते, आणि तिच्या काष्ठाचे मणी कोणाच्याही गळ्यात शोभतात. कमळ देवाच्या हातात, तुळस माणसाच्या गळ्यात. कीर्तनाची परंपरा वाळवंटात नेणाऱ्या नामदेवांना उघड्यावर, नदीकाठी, छताशिवाय चालणारे हे देऊळ अधिक मानवले असेल तर नवल नाही.

इतिहास मात्र स्वस्थ नव्हता. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि त्याच वर्षी आळंदीत ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्या समाधीचे वर्णन करणारे नामदेवांचे अभंग मराठीतले सर्वांत व्याकूळ प्रकरण म्हणावे लागेल. पुढे १३१८च्या सुमारास यादवांची सत्ता पूर्णपणे संपली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी नेली. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. एका माणसाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ झाली. मोठी देवळे बांधवणारे हात गेले, कोरणाऱ्यांचा आश्रय आटला. दगडातले फूल उमलायचे मंदावले. अशा काळात नामदेव उत्तरेकडे गेले. त्यांच्याकडे राजाश्रय नव्हता, फौज नव्हती. होते ते टाळ आणि नाम.

पंजाबातील गुरदासपूर जिल्ह्यात घुमान येथे त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, असे तेथील परंपरा मानते. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी शिखांच्या ग्रंथाचे संपादन केले तेव्हा त्यात नामदेवांच्या पदांना स्थान मिळाले; गुरू ग्रंथसाहिबमध्ये ती ६१ पदे आजही गायली जातात. नरसीच्या माणसाला पंजाबी माणूस भगत नामदेव म्हणून आपला मानतो, याचे मराठी माणसाला अजूनही पुरेसे भान नाही. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, त्या निमित्ताने या नात्याची थोडी उजळणी झाली.

उत्तरेत नामदेवांना आणखी एक मोठा गोतावळा मिळाला आणि तो थेट फुलांशी जोडलेला आहे. राजस्थान, पंजाब आणि आसपासच्या प्रदेशांतील छीपा समाजातले हजारो हिंदू कारागीर नामदेवांना आपला संत मानतात, स्वतःला नामदेवाचे म्हणवतात. जयपूरजवळचे सांगानेर आणि बगरू ही त्यांच्या छपाईची प्रसिद्ध गावे. सांगानेरी कापडाची जमीन पांढरी, तिच्यावर नाजूक बुट्या. बगरूची जमीन मातकट, तिच्यावर काळा आणि लाल. काळा रंग करायचा तो गंजलेले लोखंड आणि गूळ आंबवून. एका फुलासाठी अनेक ठसे लागतात. रेख हा ठसा बाह्यरेषेचा, गद जमिनीचा आणि दत्ता आतल्या भरणाचा. सुटे फूल लहान असले तर बुटी, मोठे असले तर बुटा, सलग वळत गेले तर बेल. हा बेल म्हणजे औंढ्याच्या दगडातली तीच न तुटणारी वेल. आपल्याकडच्या पैठणीवरही ती आसावलीच्या रूपाने चढली आणि कोयरीच्या रूपाने आंब्याने सुफलतेची जागा घेतली.

या फुलांचा इतिहास एकरेषीय नाही. सतराव्या शतकात, जहांगीर आणि शहाजहान यांच्या काळात, सबंध रोप, म्हणजे देठ, पाने, कळी आणि पूर्ण उमललेले फूल, असे एकेकटे चितारण्याची रीत मोगल कलेत रूढ झाली. तिच्यात युरोपातून आलेल्या वनस्पतीचित्रांचाही वाटा होता. सांगानेरच्या बुट्यात ती रीत मुरली आहे. म्हणजे नामदेवांच्या काळचे चक्राकार कमळ आणि आजच्या चादरीवरचे मान लववलेले अफूचे फूल यांच्या मधे सुमारे सातशे वर्षे आणि अनेक दरबार आहेत. छपाई करणाऱ्यांत मुसलमान छीपे आणि खत्रीही आहेत. तेच ठसे, तीच तुरटी, तोच हिरडा. कोणत्या धर्माच्या हाताने कोणते फूल छापले, हे कापड पाहून कोणालाही सांगता येणार नाही. भुंग्याने हुंगलेल्या फुलाबद्दल नामदेव जे म्हणाले होते ते याहून निराळे नव्हते.

नामदेव पंढरपूरला परतले. त्यांच्या उत्तरायुष्यातली एक घटना मन हलवणारी आहे. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. ज्यांना विठ्ठलाच्या देवळात कधीच प्रवेश मिळाला नाही असे चोखामेळा वेठीच्या कामावर दगडांखाली मेले. परंपरा सांगते की नामदेव तेथे गेले, ढिगाऱ्यातून विठ्ठलनाम निघणाऱ्या अस्थी ओळखून त्यांनी त्या गोळा केल्या आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली. औंढ्याच्या दारात स्वतः अडवले गेलेल्या माणसाने आपल्याहून अधिक अडवले गेलेल्याला दारापर्यंत आणले. दाराच्या आत नेणे मात्र त्यांनाही शक्य झाले नाही. ही मर्यादा झाकू नये. पंढरपूरचा तो उंबरठा सर्वांसाठी मोकळा व्हायला साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशे नऊ वर्षांनी.

शके १२७२च्या आषाढ वद्य त्रयोदशीला, इसवी सन १३५० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी नामदेवांनी पंढरपूरच्या महाद्वारात देह ठेवला. घरातली माणसे आणि जनाबाई यांनीही त्यांच्याबरोबर समाधी घेतली, अशी श्रद्धा आहे. त्यांनी जागा निवडली ती पायरीची. विठ्ठलाच्या दर्शनाला जाणाऱ्या संतांची, भक्तांची पायधूळ आपल्या माथ्यावर पडावी, ही त्यामागची इच्छा. नामदेव पायरी म्हणून ती आज ओळखली जाते.

मंदिरशास्त्राने दाराशी कमळ का ठेवले होते हे येथे पुन्हा आठवावे. बाहेरचा मळ बाहेर राहावा म्हणून. शिल्पकाराने जे फुलाकडून करवून घ्यायचे योजले होते ते नामदेवांनी स्वतः केले, पण अर्थ बदलून. मळ बाहेर ठेव, असे ही पायरी कोणाला बजावत नाही. जो येईल त्याच्या पायांची धूळ ती मागून घेते. उंबरठ्यावरचे कमळ धुळीपासून अलिप्त होते. नामदेवांना तीच धूळ हवी होती.

आज महाद्वारातून आत जाणारा वारकरी त्या पायरीवर पाय ठेवत नाही. तो वाकतो, हात लावून नमस्कार करतो आणि पायरी ओलांडून जातो. ज्याने पावलांची धूळ मागितली त्याला लोक फूल वाहतात. नामदेवांची इच्छा या एका बाबतीत लोकांनी मानलेली नाही. ते फूल वाहणाऱ्याच्या आधी भुंग्याने पाहिलेले असते, माळ्याने खुडलेले असते, हारवाल्याने ओवलेले असते, आणि वाटेत कित्येकांचे हात त्याला लागलेले असतात. नामदेवांच्या हिशेबाने त्याहून शुद्ध फूल असूच शकत नाही.